डहाणूचे १७५: राष्ट्रपती निवडताना आपलं मत गेलं कुठे?

हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन निघून पडला, त्यांच्यासाठी. बोलतानाचे 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजणारा कुकर काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

तलासरीहून एका श्रोत्याने व्हॉइस मेसेज पाठवला होता. प्रश्न साधा होता: "दादा, २०२२ मध्ये देशाला पहिल्या आदिवासी राष्ट्रपती मिळाल्या. आपला मतदारसंघ आदिवासी, आपला आमदार आदिवासी. मग आपल्या आमदाराने त्यांना मत दिलं की नाही?"

मी लगेच टाइप करायला घेतलं आणि थांबलो. कारण या एका प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न आहेत. आमदाराचं मत म्हणजे नेमकं किती? महाराष्ट्राने त्या वेळी मतदान कसं केलं? आपल्या आमदाराचं मत आपल्याला कळू शकतं का? आणि ते कोणाला जायला हवं होतं? चारही घेऊ, एकेक करून.

आधी अमेरिका बाजूला ठेवू

आपण रील्समध्ये अमेरिकेची निवडणूक एवढी बघतो की डोक्यात तोच नकाशा बसतो. हे राज्य लाल, ते राज्य निळं. तिथे बहुतेक राज्यांत ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे प्रतिनिधी. एकूण प्रतिनिधी ५३८, २७० मिळाले की अध्यक्ष. म्हणून तिथे "परंपरावादी राज्याने कोणाला मत दिलं" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर मिळतं.

आपल्याकडे तसं नाही. राष्ट्रपती निवडतात ते लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५४ मध्ये हे लिहिलंय. विधान परिषदेचे आमदार यात नाहीत, नामनियुक्त खासदारही नाहीत. आणि राज्याची मतं गठ्ठ्याने एकाला जात नाहीत. प्रत्येक आमदाराचं मत वेगळं मोजलं जातं. म्हणजे महाराष्ट्र एकाच वेळी दोन्हीकडे मत देऊ शकतो, आणि २०२२ मध्ये त्याने तेच केलं.

१७५ हा आकडा आला कुठून?

आता थोडं गणित. घाबरू नका, कोडच्या तीन ओळींचं काम आहे.

राज्याची लोकसंख्या घ्या. तिला निवडून येणाऱ्या आमदारांच्या संख्येने भागा. आलेल्या उत्तराला १००० ने भागा. जवळचा पूर्णांक धरा. झालं, हे त्या राज्यातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य.

फक्त इनपुटमध्ये एक मेख आहे. लोकसंख्या आजची नाही, १९७१ च्या जनगणनेची धरायची. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या होती ५,०४,१२,२३५. आमदार २८८. भागून बघा, १७५ येतात. २०११ ची जनगणना धरली असती तर हाच आकडा ३९० झाला असता.

मग जुना डेटा का वापरायचा? सत्तरच्या दशकात कुटुंबनियोजनाचा जोर होता. ज्या राज्यांनी लोकसंख्या आटोक्यात ठेवली त्यांचं वजन कमी होऊ नये, म्हणून आकडा गोठवला. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत वाढवली, ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत. प्रॉडक्शनमध्ये पन्नास वर्षं जुना टेबल चालू आहे आणि तो मुद्दाम चालू ठेवलाय, असं समजा.

त्यामुळे उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८, सिक्कीमच्या आमदाराचं ७, गोव्याच्या आमदाराचं २०. तलासरीहून अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातमध्ये गेलात की तिथल्या आमदाराचं मत १४७. नाक्याच्या अलीकडे आपल्या आमदाराचं १७५.

खासदारांचं गणित त्यावर उभं राहतं. देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांचं मूल्य एकत्र करायचं आणि खासदारांच्या संख्येने भागायचं. २०२२ मध्ये आमदारांची बेरीज होती ५,४३,२३१ आणि खासदार ७७६. म्हणून एका खासदाराचं मत ७००. पाच वर्षांपूर्वी ते ७०८ होतं. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा नव्हती, तिथली मतं बेरजेतून गेली आणि सगळ्या खासदारांचं वजन आठने घटलं.

तर तलासरीत राहणाऱ्या माणसाच्या वतीने दोन थेट निवडून दिलेले लोक राष्ट्रपती निवडतात. डहाणूचा आमदार, वजन १७५. पालघरचा खासदार, वजन ७००. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

उजव्या राज्यातलं लाल बेट

२०१९ च्या विधानसभेत महाराष्ट्राने भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा दिल्या. दोघे एकत्र लढले होते. नंतर सरकार कोणाचं आलं ते सोडा, मतदाराचा कौल उजवीकडे होता. त्याच निवडणुकीत अख्ख्या राज्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो डहाणूतून. विनोद निकोले. भाजपचे त्या वेळचे आमदार पास्कल धनारे यांना त्यांनी पाच हजारांपेक्षा कमी फरकाने हरवलं. २०२४ मध्ये निकोले परत आले, फरक ५,१३३ मतांचा.

बाहेरच्या लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं. "तुमच्याकडे अजून कम्युनिस्ट कसे?" असं मला ऑफिसात विचारतात. त्यांना मी १९४५ सांगतो.

तेव्हा आपल्या भागात वारली माणूस जमीनदाराकडे वेठबिगार होता. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं सावकाराच्या घरी राबायचे, त्यांना लग्नगडी म्हणायचे. २३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावात किसान सभेने वारल्यांची मोठी परिषद घेतली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, असं ठरलं. मग गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. आजही १० ऑक्टोबरला तलासरीत हुतात्म्यांना अभिवादन करायला माणसं जमतात. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलाय, त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पण म्हणून इथे सगळेच लाल झेंड्याचे, असंही नाही. २०१४ मध्ये डहाणूने भाजपचे धनारे निवडून दिले होते. २०२४ च्या जून महिन्यात ज्या पालघर लोकसभा मतदारसंघात डहाणू येतं तिथून भाजपचे हेमंत सवरा खासदार झाले आणि नोव्हेंबरमध्ये डहाणूतून माकपचा आमदार झाला. पाच हजारांचा फरक म्हणजे पाड्यापाड्यावर, कधी कधी एकाच घरात, दोन्ही झेंडे आहेत.

जून-जुलै २०२२: एका महिन्यात किती उलथापालथ!

आता तारखा नीट बघा, कारण उत्तर तारखांमध्ये आहे.

१० जूनला राज्यसभेची निवडणूक. २० जूनला विधान परिषदेची. त्याच रात्री एकनाथ शिंदे आणि त्यांच्याबरोबरचे आमदार मुंबई-अहमदाबाद महामार्गाने सुरतकडे निघाले, म्हणजे आपल्या मनोर-चारोटी-तलासरीवरूनच. आमदार कैलास पाटील गुजरातच्या सीमेजवळ गाडीतून उतरून पावसात उलटे चालत निघाले, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, दिल्लीत विरोधी पक्षांची बैठक झाली. शरद पवारांनी उमेदवारी आधीच नाकारली होती. दुपारी यशवंत सिन्हांचं नाव जाहीर झालं. माजी आयएएस अधिकारी, वाजपेयी सरकारमधले अर्थमंत्री, भाजप सोडलेले, मग तृणमूल काँग्रेसमध्ये गेलेले. संध्याकाळी भाजपने आपलं नाव जाहीर केलं: द्रौपदी मुर्मू. ओडिशातल्या मयूरभंज जिल्ह्यातल्या संथाळ समाजाच्या, रायरंगपूरच्या दोन वेळच्या आमदार, झारखंडच्या माजी राज्यपाल.

हा क्रम महत्त्वाचा आहे. विरोधकांनी सिन्हांचं नाव ठरवलं तेव्हा समोर मुर्मू आहेत हे जाहीर झालेलं नव्हतं. काही तासांत अख्खा डाव बदलला. त्या बैठकीत असलेला झारखंड मुक्ती मोर्चा पुढे मुर्मूंच्या बाजूने गेला. डाव्या पक्षांनी मात्र सिन्हांचा पाठिंबा कायम ठेवला. त्यांचं म्हणणं असं की ही लढाई दोन व्यक्तींची नाही, दोन विचारांची आहे.

महाराष्ट्रात २९ जूनला उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले, ४ जुलैला १६४ विरुद्ध ९९ असा विश्वासदर्शक ठराव जिंकला. आणि १२ जुलैला ठाकरेंनीही जाहीर केलं की शिवसेना मुर्मूंना पाठिंबा देणार. पक्षातल्या आदिवासी कार्यकर्त्यांनी आग्रह केला, हे कारण त्यांनी दिलं. म्हणजे शिवसेना दोन तुकड्यांत फुटली, कोर्टात गेली, पण राष्ट्रपतीच्या मतपत्रिकेवर दोन्ही गट एकाच नावापुढे.

काँग्रेस, राष्ट्रवादी आणि माकप सिन्हांकडे राहिले.

आता ते दोन आकडे आठवा. पालघरचे त्या वेळचे खासदार राजेंद्र गावित शिवसेनेचे. पक्षाची भूमिका मुर्मू. वजन ७००. डहाणूचे आमदार निकोले माकपचे. पक्षाची भूमिका सिन्हा. वजन १७५. एकाच मतदाराने निवडून दिलेले दोन आदिवासी लोकप्रतिनिधी, पक्षाच्या भूमिकेप्रमाणे दोन विरुद्ध बाजूंना उभे.

मतदान आणि मोजणी

१८ जुलैला मतदान झालं. आमदारांनी मुंबईत विधान भवनात केलं. आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. नावापुढे १, २ असा पसंतीक्रम आकड्यातच लिहायचा. "एक" असं अक्षरी लिहिलं की मत बाद. पेनही निवडणूक आयोगाचंच, जांभळ्या शाईचं. २०१६ मध्ये हरियाणात राज्यसभेच्या निवडणुकीत वेगळ्या शाईमुळे बरीच मतं बाद झाली होती, तेव्हापासून हे पेन आलं. खिशातलं पेन काढून लिहिलं की मत गेलं.

मोजणी २१ जुलैला दिल्लीत. आमदारांची मतं राज्यवार मोजतात, म्हणून राज्याचा हिशेब कळतो. महाराष्ट्राचा असा:

२८७ आमदारांपैकी मतदान केलं २८३ जणांनी. एक जागा तेव्हा रिकामी होती. मुर्मूंना १८१, सिन्हांना ९८, बाद ४.

१७५ ने गुणा. मुर्मूंना महाराष्ट्राच्या आमदारांकडून ३१,६७५, सिन्हांना १७,१५०. चार आमदारांचे मिळून ७०० वाया, म्हणजे बरोबर एका खासदाराएवढं वजन मतपत्रिकेवरच्या चुकीत गेलं. ज्यांना आपण कायदे करायला पाठवतो त्यातल्या चौघांना दोन नावांसमोर आकडा नीट लिहिता आला नाही, किंवा लिहायचा नव्हता. कोणते चार, तेही कळत नाही.

देशाचा निकाल: मुर्मू ६,७६,८०३, सिन्हा ३,८०,१७७. टक्केवारी ६४.०३ आणि ३५.९७. तिसऱ्या फेरीतच मुर्मूंनी निम्मा टप्पा ओलांडला. २५ जुलैला शपथ झाली.

तेव्हा महाराष्ट्राने कोणाला मत दिलं? साधारण तीनातल्या दोघांनी मुर्मूंना, एकाने सिन्हांना.

मग आपल्या आमदाराने?

आता मूळ प्रश्न. माकपची भूमिका सिन्हांच्या बाजूने होती, ती जाहीर होती, पक्षाने ती लपवली नाही. पक्षाची भूमिका धरली तर डहाणूचे १७५ त्या ९८ मतांमध्ये आहेत. पण प्रत्यक्ष मतपत्रिकेवर काय लिहिलं हे तुम्ही, मी, पक्ष, कोणीच अधिकृतपणे सांगू शकत नाही. गावितांच्या ७०० बद्दलही तेच. अनुच्छेद ५५ मध्ये स्पष्ट आहे की हे मतदान गुप्त. पक्षाला व्हिप काढता येत नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून पक्षांतरबंदी कायद्याखाली आमदारकी जात नाही.

यात फरक कसा पडतो बघा. त्या जून-जुलैमध्ये, त्याच आमदारांनी, तीन निवडणुकांत तीन वेळा मत दिलं.

१० जूनची राज्यसभा: मत उघड. पक्षाचा आमदार मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो. २००३ पासून हा नियम आहे. त्या दिवशी शिवसेनेच्या सुहास कांदे यांचं मत दाखवण्याच्या पद्धतीवरून बाद झालं आणि निकाल पहाटेपर्यंत लांबला.

२० जूनची विधान परिषद: मत गुप्त. भाजपचे पाचही उमेदवार निवडून आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. मतं फुटली हे उघड होतं, कोणाची फुटली ते गुप्त.

१८ जुलैची राष्ट्रपतीची निवडणूक: मत गुप्त. केरळात १४० आमदार, भाजपचा एकही नाही. तरी मुर्मूंना तिथे १ मत मिळालं. कोणाचं? आजवर अधिकृत उत्तर नाही.

गुप्ततेच्या बाजूने म्हणणं असं की आमदारावर पक्षाचा, पैशाचा, धमकीचा दबाव येऊ नये, त्याने मनाने मत द्यावं. राष्ट्रपती हा कुठल्या पक्षाचा नसतो, म्हणून निवडणाऱ्यालाही पक्षाच्या दोरीतून मोकळं ठेवलंय. हे मला पटतं. दुसरी बाजू अशी की मतदान केंद्रात माझं मत गुप्त असतं कारण ते फक्त माझं असतं. आमदाराचे १७५ त्याचे एकट्याचे कुठे आहेत? ते लोकसंख्येवरून काढलेत, आपल्या आजी-आजोबांच्या डोक्यांच्या मोजणीतून. आपल्या नावाने दिलेलं मत आपल्यालाच कळणार नाही, हे थोडं खटकतंच.

मला विचाराल तर मतपत्रिका गुप्तच राहू दे. पण आमदाराला मतदानाआधी "तुम्ही कोणाला मत देणार आणि का?" हे विचारायला कुठल्याच कलमाने बंदी केलेली नाही. आपण विचारत नाही. रस्ता, पाणी, टँकर विचारतो, हे नाही.

आदिवासीने आदिवासीलाच मत द्यावं का?

श्रोत्याच्या मेसेजमध्ये एक गृहीतक होतं: आमदार आदिवासी, म्हणून मत मुर्मूंना जायला हवं. याला मी हलक्यात घेत नाही. स्वातंत्र्याला ७५ वर्षं होत असताना पहिल्यांदा राष्ट्रपती भवनात आदिवासी व्यक्ती पोचत होती. आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीला तो फोटो काय सांगतो हे कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठं आहे. ठाकरेंसारख्या नेत्यालाही ते ओलांडता आलं नाही.

ओळखीसाठी युती मोडणं महाराष्ट्राला नवीन नाही. २००७ मध्ये शिवसेना भाजपबरोबर होती, भाजपच्या बाजूचे उमेदवार होते भैरोंसिंह शेखावत. तरी बाळासाहेबांनी प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला, मराठी व्यक्ती राष्ट्रपती होतेय म्हणून. तेव्हा कोणी "हे चुकलं" म्हटलं नाही, आपल्याकडे तरी नाही.

पण २०१२ आठवा. प्रणव मुखर्जी विरुद्ध पी. ए. संगमा. संगमा मेघालयचे गारो आदिवासी, आणि "आता आदिवासी राष्ट्रपती हवा" हाच त्यांचा मुद्दा होता. भाजपने त्यांना पाठिंबा दिला. शिवसेनेने दिला नाही, मुखर्जींना दिला. माकपनेही मुखर्जींना दिला. तेव्हा डहाणूचे आमदार माकपचेच राजाराम ओझरे होते. म्हणजे दहा वर्षांत दोनदा आदिवासी उमेदवार उभा राहिला आणि दोन्ही वेळा डहाणूच्या आमदाराचा पक्ष समोरच्या बाजूला होता. पहिल्या वेळी शिवसेनेला हा मुद्दा पुरेसा वाटला नाही, दुसऱ्या वेळी वाटला. ओळखीचा मुद्दा खरा असतो, पण तो कधी वर काढायचा हे पक्ष सोयीने ठरवतात, सगळेच.

माकपच्या बाजूने कोणी म्हणेल, "आम्हाला लोकांनी लाल झेंड्यावर निवडून दिलं, भाजपच्या उमेदवाराला मत देण्यासाठी नाही." हेही खोटं नाही. त्याला उलट प्रश्न असा: मग भाजपच्याच माजी अर्थमंत्र्याला मत देताना तो झेंडा कुठे होता? याचं उत्तर त्यांनी द्यायचं आहे, आणि आपण विचारायचं आहे.

एवढं करून आपल्याला काय?

"राष्ट्रपती तर रबर स्टॅम्प, आपल्याला काय फरक पडतो?" ही कमेंट येणारच, म्हणून आधीच सांगतो. बाकी देशाला पडतो त्यापेक्षा डहाणू-तलासरीला जास्त पडतो.

आपला भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं अनुसूचित क्षेत्र आहे. कोणता भाग अनुसूचित हे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. महाराष्ट्राचा तो आदेश १९८५ चा आहे. राज्यपालांनी या भागाच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो. एखादा कायदा इथे लागू नाही किंवा बदल करून लागू, असं राज्यपाल अधिसूचनेने ठरवू शकतात. मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी याच अधिकारात वनहक्क कायद्यात बदल केला. जिल्हा समितीने दावा नाकारला तर विभागीय समितीकडे अपील करायची वाट उघडली. ज्यांच्या घरी वनपट्ट्याची फाइल पडून आहे त्यांना याची किंमत सांगायला नको. आणि इथल्या जमिनीच्या हस्तांतरणावर किंवा सावकारीवर राज्यपालांनी खास नियम केले, तर राष्ट्रपतींची संमती मिळेपर्यंत ते अमलात येत नाहीत.

आता खरं बोलायचं तर राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. मनाला येईल ते करता येत नाही. पण फाइल एकदा परत पाठवता येते, अहवाल मागवता येतो. आणि माणसाने आधी काय केलंय यावरून अंदाज येतो. मुर्मू झारखंडच्या राज्यपाल असताना, २०१७ मध्ये, तिथल्या भाजप सरकारने छोटानागपूर आणि संथाळ परगण्याच्या आदिवासी जमिनीच्या कायद्यांत बदल करणारी विधेयकं पाठवली होती. मोठा विरोध झाला. मुर्मूंनी ती परत पाठवली. ज्या पक्षाने नेमलं त्याच पक्षाच्या सरकारला. २०२२ मध्ये आपल्याकडे वाढवण बंदर, बुलेट ट्रेन, जमिनी यावर एवढी चर्चा चालू असताना ही गोष्ट किती जणांनी आपल्या आमदाराला सांगितली? किंवा सिन्हांचं पाचव्या अनुसूचीबद्दल काय म्हणणं आहे, हे किती जणांनी विचारलं? चर्चा फक्त "पहिल्या आदिवासी" या दोन शब्दांवर झाली.

२०२७ साठी

मुर्मूंचा कार्यकाळ जुलै २०२७ मध्ये संपतो. त्याआधी परत मतदान आहे. आत्ताची विधानसभा तोपर्यंत चालली तर डहाणूचे १७५ परत माकपच्या आमदाराच्या हातात असतील आणि पालघरचं मत भाजपच्या खासदाराच्या. उमेदवार कोण, माहीत नाही. पण विचारायचे प्रश्न आजच लिहून ठेवता येतात. मी तीन काढलेत, फोनच्या नोट्समध्ये टाका.

एक, तुम्ही कोणाला मत देणार आणि त्याचं कारण आमच्या भागाशी जोडून सांगा.

दोन, तुमचा उमेदवार पाचव्या अनुसूचीबद्दल, पेसाबद्दल, वनहक्काबद्दल आजवर काय बोललाय किंवा काय केलंय?

तीन, पक्ष एक म्हणतो आणि तुमचं मन दुसरं म्हणतं, असं झालं तर तुम्ही आमच्याशी बोलाल का?

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक वेळा हसून टाळतील. टाळू देत. ग्रामसभेत विचारला तर टाळलेलंही शंभर जण बघतात.

तलासरीच्या त्या भावाला माझं उत्तर एवढंच: पक्षाच्या भूमिकेप्रमाणे आपले ७०० मुर्मूंकडे आणि १७५ सिन्हांकडे. पेटीत काय पडलं ते पेटीला माहीत. तुझा पुढचा प्रश्न मात्र मला विचारू नकोस, ज्याच्याकडे ते मत आहे त्याला विचार, आणि काय म्हणाला ते आम्हाला व्हॉइस मेसेजवर पाठव.

पुढच्या एपिसोडमध्ये पेसा घेऊ, ग्रामसभेचा ठराव नेमका कुठपर्यंत चालतो ते. तोपर्यंत हा भाग तुमच्या पाड्यावरच्या ग्रुपवर टाका. भेटू!